गळ्यावरचं जन्मजात छिद्र आणि त्याचं ऑपरेशन : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी बेळगावात ईएनटी वॉर्डात नर्स आहे. खानापूर, चंदगड, हुक्केरी, संकेश्वर, चिकोडी, निपाणी सगळीकडनं पेशंट येतात आणि गळ्यावर जन्मापासून छिद्र असलेल्या लेकरांचे आईवडील साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, डॉक्टरांसमोर अर्धे विसरतात आणि मग बाहेर आल्यावर "ओ सिस्टर, एक विचारायचं राहिलं" म्हणून मला थांबवतात. म्हणून एका जागी लिहिलंय. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा, ह्या आजारात पहिलं ऑपरेशन सगळ्यात महत्त्वाचं, ते पूर्ण आणि नीट झालं तर विषय तिथंच मिटतो, अर्धवट चिराचिरी झाली तर तोच विषय वर्षानुवर्षं मागं लागतो. निदान मात्र डॉक्टरनीच करायचं, हे वाचून घरी ठरवू नका.

पोरीच्या गळ्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे, त्यातनं चिकट पाणी येतं. हे काय असतं?

बहुतेक वेळा हा ब्रँकियल फिस्टुला असतो, म्हणजे आईच्या पोटात गळा तयार होताना जी पोकळी बुजायला पाहिजे ती न बुजता राहिलेली बारीक नळी. बाहेरचं तोंड मानेच्या खालच्या भागात, मान वळवली की जो लांब स्नायू उठून दिसतो त्याच्या पुढच्या कडेला असतं. आई सांगते की जन्मल्यापासून आहे, आधी तीळ वाटला होता. पाणी लाळेसारखं, स्वच्छ, चिकट, कधी कधी जेवताना किंवा सर्दी झाली की जास्त. एक पोरगी आठवते मला, युनिफॉर्मच्या कॉलरला उजव्या बाजूला कायम एक पिवळट कडक डाग, आई रोज घासायची आणि शाळेत पोरं विचारायची हे काय लागलंय म्हणून ती उन्हाळ्यातसुद्धा ओढणी घ्यायची. डॉक्टरांनी खालून वर हलकं दाबत बोट फिरवलं आणि त्या छिद्रावर एक थेंब आला, आईनं तो थेंब तोपर्यंत कधी नीट बघितलाच नव्हता.

फिस्टुला म्हणजे ते मूळव्याधीजवळ होतं ते ना? ते गळ्याला कसं?

नाही, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. शरीरात दोन ठिकाणं जोडणारी नको असलेली नळी कुठंही होऊ शकते, तिला फिस्टुला म्हणतात. गळ्यातली नळी एका टोकाला कातडीवर उघडते आणि दुसऱ्या टोकाला घशात आत. ज्या नळीचं एकच टोक उघडं असतं, दुसरं बंद, तिला सायनस म्हणतात, आणि दोन्ही टोकं बंद राहून मध्ये पाणी साठलं तर सिस्ट म्हणजे गाठ. मूळ एकच, रूपं तीन.

गरोदरपणात ग्रहण लागलं होतं, घरातले म्हणतात सुनेनं तेव्हा भाजी चिरली म्हणून झालं. खरं आहे का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न आला की मी नवऱ्याला आणि सासूला पण आत बोलावते, कारण ऐकायचं त्यांनीच असतं. बाळाचा गळा, जबडा, कान हे सगळं गर्भाच्या चौथ्या आठवड्यापासून पुढच्या तीनचार आठवड्यांत आकार घेतं. तेव्हा गळ्याच्या दोन्ही बाजूंना कमानी आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात, त्या पुढं बुजून जातात. एखादी खाच पूर्ण बुजली नाही तर तिथं नळी राहते. हे सगळं होतं तेव्हा पुष्कळ बायकांना पाळी चुकलीय एवढंच कळलेलं असतं, काहींना तेसुद्धा नाही. ग्रहण, विळी, सुई, कोणाची नजर, ह्यातलं काहीही कारण नाही. आईनं काही खाल्लं म्हणून नाही, काही खाल्लं नाही म्हणूनही नाही. कृपा करून बाईला बोल लावू नका, ती आधीच स्वतःला दोष देत आलेली असते.

आमच्या मुलाचं छिद्र बाजूला नाही, बरोबर मधोमध आहे. तेच का हे?

नाही, मधोमध असेल तर बहुतेक थायरोग्लॉसल नळीचं असतं, आणि त्याचं ऑपरेशन वेगळं. थायरॉइड ग्रंथी गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथनं खाली गळ्यात उतरते, उतरताना मागं एक नळी सोडते, ती नंतर नाहीशी व्हायची असते. राहिली तर कंठाच्या वर मधोमध गाठ दिसते. ओळख सोपी आहे, मुलाला जीभ बाहेर काढायला सांगा किंवा घोटभर पाणी गिळायला सांगा, गाठ वर सरकते. इथं एक लक्षात घ्या, मधल्या रेषेतलं छिद्र सहसा जन्मापासूनचं नसतं, जन्मापासून असते ती गाठ किंवा नळी, तिच्यात पू झाला आणि ती फुटली किंवा कोणी वरवर चिरली की मग छिद्र पडतं आणि ते वाहत राहतं. म्हणजे निम्मी छिद्रं आपणच करून ठेवतो असं म्हटलं तर वावगं नाही.

अजून कुठं कुठं असतात?

बाजूच्या फिस्टुलात सगळ्यात जास्त, नव्वद टक्क्यांच्या वर, दुसऱ्या कमानीचे असतात, वर सांगितलं ते. पहिल्या कमानीचे कमी, ते कानाच्या आसपास नाहीतर जबड्याच्या कोपऱ्याखाली उघडतात, कधी कानातनंच पू येतो आणि लोक नुसते कानाचे ड्रॉप घालत बसतात. तिसऱ्या-चौथ्या कमानीचे अगदी कमी, पण चकवणारे, ते बहुतेक डाव्या बाजूला थायरॉइडजवळ परत परत गळू करतात. तुमच्या लेकराला गळ्याच्या डाव्या बाजूला खालच्या अंगाला दुसऱ्यांदा गळू झालं असेल तर "आत घशातनं नळी असेल का" असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा, त्यात काही वाईट वाटून घेत नाहीत ते.

कानाच्या पुढं, वरच्या बाजूला जे बारीक भोक पुष्कळ लोकांना असतं ते गळ्याच्या फिस्टुलापेक्षा वेगळं. ते कोरडं असेल आणि कधी सुजलं नसेल तर तसंच राहू दिलं तरी चालतं.

गावातल्या डॉक्टरांनी टीबीची गाठ फुटलीय म्हणून सांगितलंय, टीबीच्या गोळ्या सुरू करू का?

टेस्ट केल्याशिवाय नको. ह्या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ह्यात मुलांचे महिने वाया जाताना बघितलेत.

आपल्याकडं मानेत टीबीच्या गाठी खरंच पुष्कळ असतात, त्या फुटून वाहतातही, त्यामुळं डॉक्टरांच्या मनात टीबी येणं चुकीचं नाही. पण फरक असतो. टीबीचं छिद्र जन्मापासून नसतं, आधी गाठी येतात, एकाला एक चिकटलेल्या, मग त्या मऊ होतात, फुटतात, छिद्राच्या कडा निळसर आणि आतून पोखरलेल्या दिसतात, पू घट्ट येतो, कधी चुनखडीसारखा, सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, घरात कोणाला टीबी झालेला असणं. जन्मजात फिस्टुलात मूल खेळतं, खातं, वजन बरोबर, आणि छिद्र पहिल्यापासून तिथंच. शंका असेल तर सुईनं पाणी काढून एफएनएसी करतात, पू सीबीनॅट ह्या टीबीचे जंतू शोधणाऱ्या टेस्टला पाठवतात, ती टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि रिझल्ट लवकर येतो.

दोन्ही बाजूनं नुकसान आहे बघा. फिस्टुला असताना टीबीच्या गोळ्या दिल्या तर सहा महिने लेकरू गोळ्या खातंय आणि छिद्र वाहतंय ते वाहतंयच. आणि टीबी असताना फिस्टुला समजून कापायला घेतलं तर जखम भरत नाही, आणि जो आजार नुसत्या गोळ्यांनी बरा झाला असता त्यासाठी उगाच कापाकापी. म्हणून आधी टेस्ट. एक तिसरी गोष्ट पण असते, किडलेल्या दाताच्या मुळाचा पू हनुवटीखाली किंवा जबड्याखाली फुटतो, तिथं गळ्याचं काहीच नसतं, दात बघितला की संपलं.

गळू झालं होतं, चिरा देऊन पू काढला, आता कोरडं आहे. मग ऑपरेशन कशाला?

पू निघाला, नळी आतच आहे. पुढच्या सर्दीला, पुढच्या वर्षी, कधी चार वर्षांनी पुन्हा सुजतं. आणि दर वेळी पू झाला की आजूबाजूचं सगळं एकमेकाला चिकटतं, मग पुढं ऑपरेशन करणाऱ्याला नळी कुठली आणि शीर कुठली हे वेगळं करायला अवघड जातं. पू भरलेला असेल आणि अँटिबायोटिकनं बसत नसेल तर तो काढावाच लागतो, त्याला पर्याय नाही, जमलं तर मोठा चिरा न देता सुईनं ओढून काढतात. पण ते तात्पुरतं. सूज पूर्ण उतरल्यावर साधारण चार ते सहा आठवडे थांबून मग नळी काढायचं ऑपरेशन करतात. सूज असताना नळी काढायला गेलं तर तुकडा राहायची भीती जास्त.

शेतात हरळी वरून कापली तर काय होतं तुम्हाला मी सांगायला नको. इथं पण नळीचा जिवंत तुकडा आत राहिला तर तो परत वाट काढतो.

गोळ्या, लेप, झाडपाला ह्यानं छिद्र बुजत नाही का?

नाही. नळीला आतून कातडीसारखं अस्तर असतं, ते पाणी सोडत राहतं, बाहेरून काही लावून ते जात नाही. अँटिबायोटिकनं इन्फेक्शन जातं, नळी नाही. हळद भरलेली, तंबाखू दाबलेली, चुना लावलेला, बिब्ब्यानं भाजलेली अशी छिद्रं घेऊन लोक येतात, बिब्ब्यानं तर कातडी जळून भोवताली काळं कडक वेटोळं पडलेलं असतं आणि ऑपरेशनमध्ये तेवढी जास्त कातडी काढावी लागते. छिद्रात काडी, सुई, इअरबड घालून खोली मोजू नका. स्वच्छ पाण्यानं पुसायचं, कोरडं ठेवायचं, दाबून पू काढायचा नाही. गळ्यात काळा दोरा, ताईत असेल आणि तो छिद्रावर घासत असेल तर मनगटाला बांधा.

किती वर्षांचं झाल्यावर करायचं? आत्ता तर बाळ सहा महिन्यांचं आहे.

पाणी स्वच्छ येतंय, सूज नाही, बाळ छान दूध पितंय तर घाई नाही. बरेच सर्जन एक-दोन वर्षांचं होईपर्यंत थांबतात, भूल द्यायला सोयीचं जातं आणि नळीही जरा मोठी होते. पण "शाळा संपू दे, लग्न ठरू दे" इतकं लांबवायचं नाही, कारण मधल्या काळात एकदा जरी पू झाला तरी काम अवघड होतं. एकही गळू झालेलं नसताना केलेलं ऑपरेशन हे सगळ्यात चांगलं. नेमकं कधी ते तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून सांगतील.

तपासण्या कुठल्या लागतात? एवढ्याशा भोकाला सीटी स्कॅन कशाला?

सगळ्यांना सीटी लागत नाही. सोनोग्राफी बहुतेक सगळ्यांची करतात, मधल्या गाठीत तर करायलाच पाहिजे, कारण मूळ थायरॉइड जागेवर आहे ना हे बघायचं असतं. क्वचित एखाद्याची सगळी थायरॉइड त्या गाठीतच असते, न बघता काढली तर मूल जन्मभर थायरॉइडच्या गोळीवर. नळी कुठपर्यंत जाते ते बघायला छिद्रातनं औषध घालून एक्सरे किंवा सीटी काढतात, त्याला फिस्टुलोग्राम म्हणतात. आधी ऑपरेशन झालेलं असेल, कानाजवळचं असेल किंवा परत परत गळू होत असेल तर सीटी नाहीतर एमआरआय सांगतातच, आणि तेव्हा नाही म्हणू नका.

दोन्ही बाजूंना छिद्रं असतील, किंवा गळ्यासोबत कानापुढंही भोक असेल, किंवा घरात आणखी कोणाला असेल तर ऐकायची टेस्ट आणि किडनीची सोनोग्राफी करून घ्या. ह्याला ब्रँकियो-ओटो-रीनल सिंड्रोम म्हणतात, गळा, कान आणि किडनी तिन्हीत थोडा थोडा दोष एकत्र येतो. एक मूल गळ्यासाठी आणलं होतं, आई म्हणायची हट्टी आहे, हाक मारली की ऐकून न ऐकल्यासारखं करतंय. बेरा म्हणजे ऐकायची मशीनवरची टेस्ट केली तर खरंच कमी ऐकू येत होतं.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

दुसऱ्या कमानीचा फिस्टुला असेल तर छिद्राभोवती लंबगोल चिरा घेतात, गळ्याच्या घडीच्या रेषेत, म्हणजे नंतर व्रण घडीत मिसळतो. छिद्रातनं बारीक सळई किंवा नळी आत सरकवतात, काही सर्जन निळा डाय पण घालतात म्हणजे वाट दिसते. मग त्या वाटेनं वर वर जात नळी आजूबाजूपासून सोडवत नेतात. ही नळी मेंदूकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या दोन फांद्यांच्या मधनं जाते, जीभ हलवणाऱ्या नसेच्या वरनं जाते आणि टॉन्सिलच्या जागी घशात उघडते. मोठ्या मुलात, मोठ्या माणसात एका चिऱ्यातनं तिथपर्यंत हात पोचत नाही म्हणून वर दुसरा लहान चिरा घेतात, ही शिडीच्या पायऱ्यांसारखी दोन चिऱ्यांची पद्धत आहे, त्यामुळं "एकच भोक होतं, दोन ठिकाणी का कापलं" असं नंतर भांडू नका. घशाजवळ पोचल्यावर नळी मुळाशी बांधून काढतात. ट्रेमध्ये गॉजवर ठेवलेली ती नळी मी बघते तेव्हा दर वेळी वाटतं की इवलंसं भोक आणि आत केवढी लांबी, पांढरट, चिवट, एका टोकाला कातडीचा तांदळाएवढा तुकडा. बापाला दाखवली की तो गप्प होतो, तोपर्यंत त्याला हे वरवरचं काम वाटत असतं.

मधल्या रेषेचं असेल तर सिस्ट्रंक ऑपरेशन. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन सिस्ट्रंक ह्यांनी १९२० मध्ये ही पद्धत लिहिली आणि शंभर वर्षं झाली तरी तीच चालते. गाठ किंवा छिद्र, त्याच्या मागची नळी, हायॉइड म्हणजे जिभेखाली गळ्यात असलेल्या लहान हाडाचा मधला तुकडा आणि त्याच्यावर जिभेच्या मुळापर्यंतचा मांसाचा थोडा भाग, हे सगळं एकत्र काढतात. नुसती गाठ काढली तर निम्म्या लोकांत परत येते, सिस्ट्रंक केलं तर दहातल्या एकातही येत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "हाडाचा तुकडा काढणार ना?" हा एक प्रश्न विचारायला कोणाला लाजायचं कारण नाही.

पहिल्या कमानीचं असेल तर चेहऱ्याची नस आधी शोधून, तिला वाचवत काढतात, ते नाजूक काम आहे, अनुभवी माणसाकडंच करा. तिसऱ्या-चौथ्याचं असेल तर आता बऱ्याच वेळा बाहेरून न कापता तोंडातनं दुर्बीण घालून आतलं तोंड शोधतात आणि ते भाजून बंद करतात.

हाड काढल्यावर पोरगं बोलेल का, गिळेल का?

बोलेल, गिळेल, भजन म्हणत असेल तर भजनही म्हणेल. हाडाचा मधला बारीक तुकडाच जातो, दोन्ही बाजू राहतात, स्नायू आपापलं काम करतात. पहिले तीनचार दिवस गिळताना दुखतं तेवढंच.

धोका काय काय आहे? खरं सांगा.

रक्तस्राव, आत रक्त साठून सूज, इन्फेक्शन, व्रण जाड होणं, आणि परत येणं. ह्या भागात जीभ, खांदा, आवाज, ओठाचा कोपरा हलवणाऱ्या नसा आहेत, त्यांना इजा होऊ शकते, पहिल्या ऑपरेशनमध्ये हे क्वचित होतं, आधी दोनतीनदा चिरलेल्या गळ्यात शक्यता वाढते. काही न करण्यातही धोका आहेच, परत परत गळू, आणि मधल्या गाठीत मोठेपणी शंभरात एखाद्याला कॅन्सर सापडतो. कॅन्सरच्या भीतीनं रात्रीत धावत यायचं नाही, पण "दुखत नाही ना, राहू दे" पण म्हणायचं नाही.

भूल पूर्ण देतात का? उपाशी किती वेळ ठेवायचं?

पूर्ण भूल, श्वासाच्या नळीसकट. खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. आजी मायेनं सकाळी गुपचूप बिस्किट देते आणि कोणाला सांगत नाही, तेवढं करू नका, भुलेत उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर येतं. दिलं असेल तर निदान सांगा, ऑपरेशन पुढं जाईल एवढंच. सर्दी, खोकला, ताप असेल तर तेही सांगायचं.

कुठं करायचं? खर्च किती? कार्ड चालतं का?

ईएनटी सर्जन, मुलांचे सर्जन किंवा हेड-नेक सर्जन करतात. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल जवळ पडतं, कागवाड-अथणीकडचे मिरजेला जातात. मोठ्या ठिकाणाचा फायदा म्हणजे भूलतज्ज्ञ, आयसीयू, पॅथॉलॉजी सगळं एका छताखाली. खर्चाचा आकडा मी लिहीत नाही, प्रकारानुसार आणि हॉस्पिटलनुसार फार फरक पडतो, लेखी अंदाज मागून घ्या.

कार्डाचं असं आहे. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या आत. बऱ्याच ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, ते न घेता थेट मोठ्या हॉस्पिटलला आलात तर परत पाठवतात आणि एसटीचं भाडं आणि दिवस दोन्ही जातं. रेशन कार्ड, आधार, मुलाचं आधार नसेल तर जन्मदाखला घेऊन या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, कोल्हापूर-मिरजेकडं जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गावाचं नाव सांगून आधी विचारा आणि मगच अ‍ॅडमिट व्हा. अंगणवाडीत, शाळेत मुलं तपासायला आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, त्यांना छिद्र दाखवा, ते रेफर करून देतात आणि त्यानं पुढचं बरंच सोपं होतं.

फॉर्म कन्नडमध्ये असतो, डॉक्टर पण कन्नड किंवा इंग्लिशमध्ये बोलतात. न कळता सही करायची का?

नाही. मराठीत सांगा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि बेळगावात वॉर्डात मराठी येणारं कोणीतरी असतंच, सिस्टर, वॉर्डबॉय, बाजूच्या बेडचे नातेवाईक. सही करायच्या आधी चार गोष्टी कळल्याच पाहिजेत, ऑपरेशनचं नाव, कुठली बाजू, काय काय काढणार, आणि धोका. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर पेननं गळ्यावर खूण करतात, ती बरोबर बाजूला आहे ना ते आईनं बघायचं आणि आंघोळीत पुसून टाकायची नाही.

ऑपरेशननंतर काय काय होतं?

एक-दोन दिवस बारीक ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, असतो, त्याच्या डबीत लालसर पाणी जमतं, घाबरायचं नाही. बहुतेक मुलं दोनतीन दिवसांत घरी जातात. पहिल्या दिवशी थंड दूध, मग मऊ भात, पेज, आंबील, शिरा. तिखट आणि कडक भाकरी आठवडाभर नको. टाके विरघळणारे नसतील तर पाच ते सात दिवसांत काढतात. शाळा आठदहा दिवसांनी, कबड्डी, पोहणं, सायकल महिनाभर बंद.

गळा अचानक फुगला, श्वास घ्यायला त्रास झाला, ड्रेसिंग रक्तानं भिजलं तर फोन करून विचारत बसू नका, १०८ बोलवा नाहीतर जवळच्या दवाखान्यात थेट जा. आवाज बसला, पाणी पिताना ठसका लागतोय, ताप येतोय, जखमेतनं पू येतोय तर त्याच दिवशी दाखवा.

मुलगी आहे, गळ्यावर व्रण राहील, उद्या लग्नाचं बघताना?

व्रण राहतो, खोटं कशाला सांगू, पण घडीत घेतलेला असेल तर वर्षभरात बारीक रेघ होते. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टर सिलिकॉन जेल देतात ते सांगतील तितके महिने लावा, ऊन लागू देऊ नका. घरात कोणाला जखमेवर जाड व्रण यायची सवय असेल तर आधी सांगा. वाहणाऱ्या छिद्रापेक्षा, आणि चार वेळा चिरून झालेल्या जाळीपेक्षा, ही रेघ कधीही बरी.

आधी एका ठिकाणी ऑपरेशन झालं होतं, परत वाहायला लागलंय. आता काय होत नाही का?

होतं. पण ह्या वेळी घाई नको. पहिल्यांदाच, इन्फेक्शन नसताना केलं तर परत यायचं प्रमाण साधारण ३ टक्के धरतात, आधी ऑपरेशन झालेल्यात ते २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून एमआरआय किंवा सीटी करून, अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं केलेल्या सर्जनकडंच जा. पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत पाहिजेच, त्यावरनं कळतं की तेव्हा नळी काढली होती की नुसतं गळू, हाड काढलं होतं की नाही. रिपोर्ट हरवला असेल तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्या, ते मिळतात.

माझं वय ४५ आहे, मानेत बाजूला मऊ गाठ आलीय, ही पण जन्मजात असेल का?

ह्या वयात पहिल्यांदाच आलेली गाठ जन्मजात धरून बसू नका. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला आलेली पाण्याची गाठ कधी कधी घशातल्या, टॉन्सिलमधल्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची पसरलेली गाठ असते, आणि तंबाखू, गुटखा खात असाल तर आणखीच आधी दाखवायला पाहिजे. एफएनएसी आणि घशाची दुर्बिणीनं तपासणी झाल्याशिवाय कोणालाही ती कापू देऊ नका.

पुढच्या बाळाला पण होईल का?

बहुतेक केसमध्ये घरात दुसऱ्या कोणाला नसतं आणि पुढच्या बाळालाही होत नाही. वर सांगितलेला कान-किडनीचा सिंड्रोम असेल तर मात्र आईवडिलांपैकी ज्याला असेल त्याच्याकडनं प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता असते, तेव्हा आईवडिलांनी पण आपला गळा, कान आरशात बघावा, आणि पुढचं बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यातच ऐकायची टेस्ट करून घ्यावी.

काढलेली नळी पॅथॉलॉजीला पाठवायचे वेगळे पैसे मागतात, पाठवलीच पाहिजे का?

पाठवलीच पाहिजे. नळी पूर्ण आली का, आत टीबी आहे का, मधल्या गाठीत थायरॉइडचा भाग किंवा कॅन्सर आहे का हे त्यावरनंच कळतं. कार्डावर केस असेल तर हा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का ते आधी बिलिंगला विचारा. रिपोर्ट यायला आठवडाभर लागतो, टाके काढायला याल त्याच दिवशी तो हातात घ्या आणि फोटो काढून मोबाइलमध्ये पण ठेवा.